रशियन फौजेतून शिंद्यांच्या कंपूत

राणोजी शिंद्यांनी माळव्याच्या कारभारासाठी उज्जैन हे मुख्य ठाणे निवडले, तेव्हापासून १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरजवळ आपल्या लष्कराचा मुक्काम कायम करीपर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, क्षिप्रेकाठचे हे प्राचीन नगर शिंद्यांची राजधानी होते. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी येथील महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, घाट बांधले गेले, देवळांना उत्पन्ने मिळाली. परंतु या राजधानीचे सर्वांत थोर धनी जे महादजी शिंदे, त्यांना येथे निवांतपणे राहणे फारसे लाभले नाही. त्यांचे आयुष्य छावणीत गेले. उज्जैनचे भवितव्य ठरले तेही उज्जैनपासून शेकडो कोस दूर, मथुरेच्या, अजमेरच्या, पाटणच्या रणांगणांवर. आणि ते ठरविण्यात ज्या परक्या माणसाचा हात होता तो पूर्वी रशियाच्या सम्राज्ञीच्या फौजेत कप्तान होता.

त्याचे नाव बेन्वा डी बॉइन. १७५१ च्या मार्चमध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीतील सव्हॉय प्रांतात, शाँबेरी या गावी, एका व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. घरचे आडनाव लबोर्न्य. ‘डी बॉइन’ हे भारदस्त रूप त्याने पुढे स्वतःच धारण केले. सतराव्या-अठराव्या वर्षी तो फ्रान्सच्या राजाच्या चाकरीतील आयरिश पलटणीत दाखल झाला. ती पलटण शिस्तीविषयी नावाजलेली होती. कवायतीचे बारीकसारीक ज्ञान, शिपायाच्या बुटाच्या नाडीपासून तोफेच्या गाड्यापर्यंत सर्वांवर नजर ठेवण्याची सवय, ही त्याला तेथे लागली. परंतु शांततेच्या काळात बढती मिळेना. तेव्हा त्याने ती चाकरी सोडली व ज्या ठिकाणी युद्ध चालू होते तिकडे वाट धरली.

युद्ध चालू होते ते रशिया आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये. १७६८ ते १७७४ पर्यंत चाललेल्या या युद्धाची हकीकत मराठी वाचकांना फारशी परिचित नाही. पण आपल्या विषयाशी तिचा निकटचा संबंध आहे. सम्राज्ञी कॅथेरिनचा सेनापती रुम्यांत्सेव याने १७७० च्या उन्हाळ्यात लार्गा आणि कागूल या दोन लढायांत तुर्कांच्या कितीतरी मोठ्या सैन्याचा पराभव केला. तुर्कांचे बळ त्यांच्या घोडदळात होते. त्या घोड्यांचा लोंढा अंगावर आला म्हणजे लांबच लांब रांगेत उभे असलेले पायदळ फुटावयाचे, हा जुना अनुभव. रुम्यांत्सेवने रांग मोडली. सैन्याचे निरनिराळे चौकोन पाडले, त्यांच्या मधल्या जागांत तोफा व स्वार ठेवले, आणि हे चौकोन बचावासाठी उभे न ठेवता शत्रूवर चालवून नेले. घोडेस्वार कोणत्याही बाजूने येवो, समोर संगिनी आणि बंदुकांची फैर ही ठरलेलीच. कागूलच्या विजयाने सगळ्या युरोपचे डोळे रशियन फौजेकडे लागले. त्याच साली अलेक्सी ओर्लोव याच्या हाताखालील रशियन आरमाराने भूमध्य समुद्रातून वळसा घालून चेश्मे येथे तुर्कांचे आरमार जाळले आणि ग्रीसजवळच्या पॅरोस बेटावर आपला तळ दिला.

या तळावरच डी बॉइन ओर्लोवच्या भेटीस गेला व रशियाच्या चाकरीतील ग्रीक पलटणीत त्याला कप्तानाचा हुद्दा मिळाला. ही चाकरी अल्पकाळच टिकली. दार्दानेल्सच्या मुखाशी टेनेडॉस नावाचे लहानसे बेट आहे. तेथील चढाईत रशियनांची फसगत झाली आणि डी बॉइन तुर्कांच्या हाती कैदी म्हणून सापडला. काही महिन्यांनी त्याची सुटका झाली. या कैदेविषयी आणि पुढच्या एकदोन वर्षांविषयी पुष्कळ कथा रचल्या गेल्या. सम्राज्ञी कॅथेरिनने त्याला बोलावून घेतले, खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थान गाठण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविली, असेही सांगतात. धाडसी माणसाच्या चरित्रात राणीची भेट घातल्यावाचून चरित्रकारांचे समाधान होत नाही, एवढाच त्याचा अर्थ घेतलेला बरा. खरे ते इतके की हिंदुस्थानात जाऊन दैव पाहावे हा विचार त्याच्या मनात पक्का झाला. त्याने आधी खुष्कीचा रस्ता धरला, तो साधला नाही. मग मिसरमार्गे निघून १७७८ साली तो मद्रासेस उतरला.

मद्रासेत त्याने इंग्रज कंपनीच्या देशी पलटणीत हलक्या हुद्द्याची नोकरी पत्करली व काही काळाने तीही सोडली. कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जची शिफारसपत्रे मिळवली, लखनौस राहून फारशी व हिंदुस्थानी भाषा शिकून घेतल्या, आणि मग उत्तरेतील राजेरजवाड्यांच्या दारात चाकरीचा शोध सुरू केला. त्या वेळी महादजी ग्वाल्हेरच्या परिसरात गोहदच्या राण्याशी झगडत होते. डी बॉइनने राण्याला निरोप पाठविला की, पैसा पुरवाल तर पलटणी उभारून तुमचा वेढा उठवितो. राण्याने ते मनावर घेतले नाही. परंतु ही मसलत महादजींच्या कानांवर गेली. याच सुमारास डी बॉइनचे सामान रात्री चोरीस गेले, आणि त्यातील कागद पाहावेत म्हणून ती चोरी महादजींच्याच माणसांनी केली होती, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, ज्या मनुष्याने आपल्याविरुद्ध बेत रचला त्यालाच आपल्या पदरी ठेवण्याची कल्पना महादजींना सुचली, हे मात्र इतिहासाला ठाऊक आहे.

ही कल्पना त्यांना का सुचावी? महादजींनी पानिपत पाहिले होते. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी तेथे केलेली शर्थ त्यांनी पाहिली होती, आणि त्याच रणातून आयुष्यभर पुरणारी लंगड्या पायाची खूण घेऊन ते परतले होते. पुढे १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणले. विजय मोठा होता. परंतु चहूकडून मराठी घोडदळाने वेढले असतानाही इंग्रजांच्या पिछाडीच्या पलटणी रांग न मोडता कशा मागे सरकत होत्या, हे त्या विजयाच्या धामधुमीत महादजींच्या नजरेतून सुटले नाही. लगेच दुसऱ्या वर्षी पॉपहॅमने ग्वाल्हेरचा दुर्घट किल्ला शिड्या लावून घेतला, आणि १७८१ साली कॅमॅकने खुद्द महादजींच्या छावणीवर रात्री छापा घातला. सालबाईच्या तहाने १७८२ साली ही लढाई मिटली. पराभवातून शिकणारे पुष्कळ असतात. महादजी आपल्या विजयातूनही शिकले.

१७८४ साली डी बॉइनशी करार झाला. त्याने दोन पलटणी उभाराव्यात. प्रत्येकीत साडेआठशे माणूस असावे. त्याला स्वतःला दरमहा एक हजार रुपये आणि दर शिपायामागे आठ रुपये मिळावेत. शिपायाला तो साडेपाच रुपये देई व उरलेल्या रकमेतून अंमलदारांचे पगार भागवी. साडेपाच रुपये ही रक्कम त्या काळीही डोळे दिपवणारी नव्हती. परंतु ती महिन्याच्या महिन्याला हातात पडत असे, आणि हिंदुस्थानच्या शिपाईगिरीत ही गोष्ट अपूर्वाईची होती. त्या काळच्या फौजांत सहासहा, आठआठ महिन्यांची तलब तुंबून राहावयाची, शिपायांनी सरदाराच्या दारात धरणे धरावयाचे, सरदाराने सावकाराच्या दारात जावयाचे, हा नित्याचा क्रम होता. डी बॉइनच्या पलटणींचे खरे बळ त्यांच्या नव्या बंदुकांत जितके होते तितकेच त्या साडेपाच रुपयांत होते. सँगस्टर नावाचा एक स्कॉच कारागीर तोफा ओतण्याच्या कामावर नेमला गेला. हेसिंग नावाचा एक डच शिपाईगडी अंमलदार म्हणून आला. अशा रीतीने कंपूचा पाया पडला.

महादजींच्या दक्षिणी सरदारांना हे मानवणे शक्यच नव्हते. घोड्यावर मांड टाकून अटकेपर्यंत दौड केलेल्यांच्या मुलांनी लाल अंगरखे घातलेल्या पायदळाच्या मागून चालावे, ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटे. शिवाय पलटणींना पगार वेळेवर आणि स्वारांच्या तलबा मात्र थकलेल्या, ही तक्रार खोटी नव्हती. पलटणींची कसोटी लागल्याखेरीज हा वाद मिटणार नव्हता.

ती १७८७ च्या जुलैअखेरीस लालसोटजवळ लागली. जयपूर आणि जोधपूर या दोन्ही रजपूत राज्यांची फौज समोर होती. लढाई सुरू झाली, आणि ऐन वेळी महादजींच्या बाजूची बादशाही पायदळ पलटणे तोफांसह शत्रूस जाऊन मिळाली. अशा स्थितीत राठोडांच्या स्वारांनी डी बॉइनच्या पलटणींवर घोडे घातले. आजवर त्या घोड्यांपुढे पायदळ टिकल्याचे कोणी पाहिले नव्हते. पलटणी हलल्या नाहीत. अगदी जवळ येऊ दिल्यावर त्यांनी फैर झाडली व राठोड माघारी फिरले. लालसोट ही महादजींची माघार होती, परंतु ती माघार धूळधाण झाली नाही. पुढल्या वर्षी चकसाना येथे आणि मग जून १७८८ मध्ये आग्र्यापाशी इस्माईल बेगाशी झालेल्या लढायांत याच दोन पलटणी पुन्हा शिंद्यांच्या सैन्याचा कणा ठरल्या. त्याच वर्षी गुलाम कादराने शहाआलम बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजांनी दिल्ली परत घेतली आणि त्या क्रूरकर्म्याला शासन केले.

यानंतर डी बॉइनने मागणी केली ती दोनांच्या जागी दहा पलटणी करण्याची. महादजींनी ती तत्काळ मान्य केली नाही, तेव्हा तो चाकरी सोडून लखनौस गेला व व्यापारात पडला. परंतु रजपूत व इस्माईल बेग पुन्हा एक झाले तेव्हा महादजींना त्याची आठवण झाली आणि १७९० मध्ये दहा पलटणींचा कंपू उभा राहिला. उभा राहतो न राहतो तोच त्याने दोन मोठ्या लढाया जिंकल्या. २० जून १७९० रोजी तवरांच्या पाटणला इस्माईल बेग आणि रजपूत यांच्या एकत्र सैन्याचा मोड झाला. १० सप्टेंबर रोजी मेडत्याला राठोडांशी गाठ पडली.

मेडत्याची लढाई थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. पहाटेच्या अंधारात डी बॉइनने राठोडांच्या छावणीवर हल्ला केला. छावणी गाफील होती, काम सोपे दिसत होते. इतक्यात रोहान नावाच्या त्याच्या एका अंमलदाराने हुकुमाची वाट न पाहता आपल्या पलटणी पुढे काढल्या. रांगेत खिंडार पडले. राठोड तोवर जागे होऊन केसरिया बांधून घोड्यांवर चढले होते. ते त्या खिंडारातून घुसले आणि पुढे गेलेल्या पलटणींची दाणादाण उडवून कंपूला मागून व पुढून भिडू लागले. एक घटका गेली असती तर दहाही पलटणी कापून निघाल्या असत्या. त्या घटकेच्या आत डी बॉइनने रांगा मोडून सगळ्या कंपूचा पोकळ चौकोन केला. राठोड वळून आले तो चारी बाजूंना संगिनी आणि बंदुका. ते परतले नाहीत. पुन्हापुन्हा येऊन आदळत राहिले, मारलेल्या घोड्यांच्या राशींवरून येत राहिले, आणि अखेरीस जे मूठभर उरले ते पायउतार होऊन तरवारी घेऊन मेले. रजपुतांच्या शौर्याच्या इतिहासात मेडत्याचे नाव आहे आणि शिंद्यांच्या विजयांच्या इतिहासातही. कागूलच्या मैदानावर तुर्की घोडदळाला ज्या उपायाने रुम्यांत्सेवने आवरले, त्याच जातीचा उपाय वीस वर्षांनंतर मारवाडच्या वाळूत योजला गेला. चौकोनाचा व्यूह सर्वच युरोपीय फौजांना ठाऊक होता. पण घोडदळप्रधान शत्रूशी लढणाऱ्या फौजेत ज्याने दिवस काढले, त्याला तो ऐन संकटात अधिक लवकर सुचला असावा, असे मानण्यास जागा आहे. योगायोग असा की त्याच १७९० च्या डिसेंबरात रशियाचा दुसरा थोर सेनापती सुवोरोव याने तुर्कांचा इस्माईल नावाचा बळकट किल्ला सर केला.

आता दुसरा कंपू झाला, तिसराही झाला. अंतर्वेदीत अलीगढजवळ डी बॉइनचे मुख्य ठाणे बसले. खर्चासाठी त्याच्याकडे परगणे लावून दिले. त्यांचे उत्पन्न प्रथम सोळा लाखांचे होते, ते पुढे वाढत गेले. महसुलाचा हिशेब फारशी आणि फ्रेंच अशा दोन दप्तरांत ठेवला जाई. लढाईत जखमी झालेल्या शिपायाचा पगार बरा होईपर्यंत चालू राही, वर जखमेच्या मानाने बक्षीस मिळे. जन्माचा अपंग झाला तर त्याला निम्मा पगार आणि जमीन. त्या काळच्या हिंदुस्थानातील कोणत्याही देशी फौजेत अशी व्यवस्था सापडणे कठीण. कंपूच्या निशाणावर मात्र सव्हॉयचा पांढरा क्रूस होता. महाकालाच्या नगरीच्या धन्याची फौज, तिच्यात अवध आणि रोहिलखंडाकडील शिपाई, फ्रेंच-इंग्रज-डच अंमलदार, आणि वर आल्प्समधल्या एका लहानशा संस्थानाचे निशाण! हे निशाण फडकत असताना त्याचा अर्थ कोणी विचारला नाही, कारण विजय मिळत होते.

१७९३ मध्ये अर्थ थोडा कळू लागला. महादजी आदल्या वर्षीच पुण्यास गेले होते. उत्तरेत शिंदे व होळकर यांच्यातील जुने वैर उफाळले व लाखेरीच्या खिंडीत दोन्ही मराठी फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. होळकरांनीही शिंद्यांचे पाहून दुद्रनेक नावाच्या फ्रेंचाकडून चार पलटणी तयार करविल्या होत्या. लढाईच्या आरंभीच डी बॉइनच्या दारूगोळ्याचे काही गाडे उडाले आणि त्याची बाजू डळमळली. तरी खिंडीच्या अरुंद तोंडामुळे तो सावरला. आपल्या आयुष्यातील ही सर्वांत निकराची लढाई, असे तो पुढे म्हणे. होळकरांच्या चारी पलटणी जवळजवळ नाहीशा झाल्या. दुद्रनेकच्या हाताखालची माणसे जागेवर उभी राहून मेली, हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. तुकोजी होळकर चंबळ उतरून माळव्यात परतले आणि पराभवाचा राग त्यांनी काढला तो शिंद्यांच्या अरक्षित राजधानीवर, उज्जैनवर. शहर लुटले गेले. वीस हजारांवर कवायती फौज असलेल्या धन्याची राजधानी अशी उघडी पडावी, याचे आश्चर्य वाटते. परंतु कंपू अलीगढला, धनी पुण्यास, आणि वैरी घरचाच, अशी ती स्थिती होती.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजी वारले. गादीवर आलेले दौलतराव चौदापंधरा वर्षांचे होते. डी बॉइनची प्रकृती ढासळली होती. १७९५ च्या अखेरीस त्याने चाकरी सोडली व पुढल्या वर्षी तो आपली प्रचंड संपत्ती घेऊन युरोपास गेला. जाताना त्याने दौलतरावांना सल्ला दिला असे सांगतात की, इंग्रजांशी लढण्याची वेळ आली तर त्याआधी या पलटणी मोडून टाका. सल्ला चमत्कारिक खरा. ज्याने शस्त्र घडविले त्यानेच ते चालवू नका म्हणावे! परंतु त्याच्याइतके त्या शस्त्राचे मर्म कोणास ठाऊक होते? कंपूतील अंमलदारांपैकी बरेच जण इंग्रज किंवा अर्धे इंग्रज होते. त्यांची निष्ठा करारापुरती होती, आणि जोवर डी बॉइन होता तोवर तो करार त्याच्या माणुसकीने व धाकाने बांधलेला होता.

येथे पुन्हा रशियाकडे पाहिले पाहिजे. रशियानेही परक्यांना चाकरीस ठेवले. पीटर बादशहाचे जिवलग सेनापती स्वित्झर्लंड व स्कॉटलंडचे होते. पण पीटरने स्वतः गोलंदाजाच्या हलक्या पायरीवरून आरंभ केला आणि आपल्या उमरावांच्या मुलांना शिपाई म्हणून पलटणीत उभे केले. १७०१ साली मॉस्कोत नौकानयन व गणिताची शाळा निघाली, १७२२ साली हुद्द्यांची श्रेणी ठरवून जन्मापेक्षा चाकरीला मान दिला गेला, १७३१ साली पीटर्सबर्गला तरुण उमरावांसाठी लष्करी विद्यालय स्थापन झाले. दोन पिढ्यांत फळ मिळाले. रुम्यांत्सेव काही काळ त्याच विद्यालयात होता. सुवोरोवचे नाव गार्ड पलटणीत साधा शिपाई म्हणून नोंदले गेले होते. परके आले आणि गेले, विद्या मात्र घरात राहिली. महादजींना तेवढा अवधी मिळाला नाही, हे खरे. दहा वर्षांत त्यांनी जे साधले तेच विलक्षण होते. तरीही अलीगढला तोफा ओतण्याची भट्टी होती, दारूची कोठारे होती, दोन भाषांतील दप्तरे होती. मराठी घराण्यांतील तरुणांना अंमलदारीच्या पायरीवर चढविणारी शाळा नव्हती. मराठी सरदाराने घोड्यावर बसावयाचे आणि पलटणींचा हुकूम फिरंग्याने द्यावयाचा, ही वाटणी पहिल्या दिवसापासून होती व शेवटच्या दिवसापर्यंत टिकली. मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायत धरली म्हणून राज्य गेले, असे अनेक इंग्रज अंमलदारांनी म्हटले व आपल्याकडील काही लेखकांनी ते उचलून धरले. मेडत्याची हकीकत पाहता ते पटत नाही. कवायत धरली हे चुकले नाही. ती दुसऱ्याच्या हातात राहू दिली, हे महागात पडले.

किती महागात, ते उज्जैनने पाहिले. डी बॉइनच्या जागी आलेला पेराँ हा हुशार पण आपमतलबी फ्रेंच. महादजींच्या विधवा स्त्रियांचा तंटा पेटला तेव्हा याच पलटणी लखबादादा लाड यांच्यासारख्या जुन्या, अनुभवी सरदारांवर चालून गेल्या. १८०१ साली यशवंतराव होळकर माळव्यात उतरले तेव्हा दौलतराव बुऱ्हाणपुरास होते. पेराँकडे कुमकेची मागणी गेली. त्याने टाळाटाळ केली. दौलतरावांनी राजधानीच्या बचावासाठी पलटणी पाठविल्या त्या तुकड्यातुकड्यांनी, आणि यशवंतरावांनी त्या तशाच एकेक करून गाठल्या. जुलै महिन्यात उज्जैनपाशी उभ्या असलेल्या पलटणींचा मुख्य जॉर्ज हेसिंग होता. महादजींच्या पदरच्या त्या जुन्या डच शिपाईगड्याचा हा मुलगा. यशवंतरावांचे स्वार, तोफा आणि त्यांच्याही कवायती पलटणी असा तिहेरी मारा झाला. हेसिंग घोड्यावर बसून निसटला. त्याचे बहुतेक युरोपीय अंमलदार पडले किंवा पकडले गेले, तोफा होळकरांच्या हाती लागल्या. शहराची लूट टळली, परंतु रहिवाशांकडून खंडणी वसूल झाली ती त्यांची हाडे मोडणारी. आठ वर्षांत दुसऱ्यांदा हे नगर होळकरांच्या तडाख्यात सापडले. तीनच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर रोजी, शिंद्यांच्या सदरलंड नावाच्या सेनापतीने इंदुरापाशी होळकरांचा पराभव केला, आणि सर्जेराव घाटग्यांनी उज्जैनचा सूड इंदूरच्या रहिवाशांवर उगवला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याच्या वेशीवर शिंद्यांच्या पलटणींना होळकरांच्या पलटणींनी धुळीस मिळविले. दोन्हीकडे हुकूम देणारे फिरंगी होते. पेशवे बाजीराव तेथून पळाले ते थेट इंग्रजांच्या आश्रयास.

१८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून मराठ्यांच्या चाकरीतील अंमलदारांना फितुरीचे आमंत्रण दिले. पुष्कळ जण गेले. अलीगढच्या अभेद्य म्हटल्या जाणाऱ्या किल्ल्याचा दरवाजा ४ सप्टेंबरला इंग्रजांनी उडविला, तेव्हा वाट दाखविणारा ल्यूकन हा शिंद्यांचीच चाकरी सोडून गेलेला अंमलदार होता. पेराँने आपली संपत्ती सांभाळून इंग्रजांकडे अभय मागितले. उरलेल्या पलटणी १ नोव्हेंबर रोजी लासवारीला लॉर्ड लेकच्या फौजेपुढे उभ्या राहिल्या. फिरंगी सेनापती सोडून गेलेले, पुढे काय करावयाचे हे सांगणारे कोणी नाही. आणि त्या पलटणी लढल्या त्या पूर्वी कधी लढल्या नसतील अशा. आठशेहून अधिक माणसे इंग्रजांकडील मेली व जखमी झाली. शिंद्यांच्या शिपायांनी तोफा सोडल्या नाहीत, तोफांपाशीच ते मेले. लेकने आपल्या अहवालात त्यांच्या शौर्याची मुक्तकंठाने स्तुती केली आणि त्यांना फ्रेंच अंमलदार असते तर परिणाम काय झाला असता याची धास्तीही व्यक्त केली. जे शिपाई हुकुमावाचून असे उभे राहू शकले, त्यांच्यातूनच हुकूम देणारे निर्माण होऊ शकले असते, ही गोष्ट मात्र लेकच्याही लक्षात आलेली दिसत नाही.

थोरला हेसिंग त्याच वर्षी जुलैत आग्र्यास वारला. तेथील ख्रिस्ती कबरस्तानात त्याच्या थडग्यावर ताजमहालाच्या धर्तीची तांबड्या दगडाची लहानशी इमारत आहे. दौलतरावांनी पुढे उज्जैन सोडले. सत्ता, कचेऱ्या आणि सावकारी ग्वाल्हेरच्या लष्करात गेली, आणि क्षिप्रेकाठी यात्रा, सिंहस्थ व मंदिरे राहिली. डी बॉइन आपल्या जन्मगावी परतून सार्डिनियाच्या राजाचा उमराव झाला. त्याने शाँबेरीला इस्पितळे, शाळा व रस्ते यांसाठी अमाप पैसा दिला आणि २१ जून १८३० रोजी तो तेथेच वारला. १८३८ साली गावकऱ्यांनी त्याच्या स्मरणार्थ चौकात एक कारंजे बांधले. त्याच्या चारी बाजूंना चार हत्तींची अर्धी शरीरे बाहेर आलेली आहेत, सोंडांतून पाणी पडते. राजस्थानच्या इतिहासाचा लेखक कर्नल टॉड हिंदुस्थानातून परतल्यावर या वृद्ध सेनापतीस भेटावयास मुद्दाम शाँबेरीस गेला होता. दोघांचे बोलणे मेडत्यावर आले, तेव्हा डी बॉइन ज्यांना त्याने जिंकले त्या राठोडांविषयी बोलत राहिला.